कोरीटच्या नवरदेवांचा लोकरी कोट

मित्रांनो, नाक मुरडू नका. हा जो डांबरगोळ्यांचा आणि कडुलिंबाच्या पाल्याचा वास येतोय ना, तो माझाच. मी कोट आहे. जुना आहे, काळा आहे, बंद गळ्याचा आहे, अस्सल लोकरीचा आहे. एके काळी आमच्या कोरीट गावात माझ्याशिवाय नवरदेव घोड्यावर चढत नसे. ही बढाई नाही बरं का, गावात कुणालाही विचारा.

माझा जन्म शहाद्याच्या बाजारात, एका शिंप्याच्या दुकानात झाला. त्या साली कापूस झकास आला होता. रूपचंद नावाच्या तरण्या पोराचं लग्न ठरलं होतं. त्याचे वडील करणसिंग त्याच्यासाठी कापड आणायला थेट सुरतेला गेले. दुकानदाराने पुढ्यात टाकलेलं एकेक कापड त्यांनी हातावर तोलून पाहिलं आणि त्यांतलं सगळ्यांत जड होतं ते घेतलं. जड ते भारी आणि भारी ते चांगलं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

शहाद्याच्या शिंप्याने कापडाला हात लावला आणि तो हबकला.

"काका, लगीन वैशाखमा शे, अन् हाई तर लोकर शे. पोऱ्या उकडी जाई हो!"

करणसिंग मिशीवर हात फिरवत म्हणाले, "कापूस तर आम्हना घरनाच शे. लगीनले बी घरनंच कापड घालाव का?"

झालं! अख्ख्या गावाने कापूस पिकवायचा आणि नवरदेवाला वैशाखात लोकर घालायची, हे असं ठरलं. शिंप्याने मान डोलावली, आतून रेशमी अस्तर लावलं, पितळेची बटणं लावली आणि मला घडवलं. आरशात मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाच माझी दृष्ट लागेल असं वाटलं.

आमचं कोरीट तापीच्या पट्ट्यातलं. केळी, ऊस, कापूस, सगळं पिकतं. पण वैशाखात काय ऊन तापतं म्हणून सांगू! दुपारी कुत्रंसुद्धा पाण्याच्या टाकीखालून हलत नाही. अशा उन्हात रूपचंद मला घालून घोड्यावर बसला. बायाबापड्या म्हणाल्या, "काय रुबाब शे!" म्हातारे म्हणाले, "राजा दिसस, राजा!" मी ऐकत होतो आणि फुगत होतो. आत मात्र बिचाऱ्या रूपचंदच्या पाठीवरून घामाचे लोट वाहत होते. हार घालताना घाम त्याच्या डोळ्यांत गेला, डोळे लाल झाले, आणि नवरीकडच्या बायकांना वाटलं की जावई फार हळव्या मनाचा आहे.

लग्न लागलं. रूपचंद आतल्या खोलीत गेला, त्याने मला अंगावरून ओरबाडून काढलं, खाटेवर फेकलं आणि म्हणाला, "सुटनू रे बाप!"

आमच्याकडे सुटलो म्हणायला सुटनू म्हणतात. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढे तो माझ्या नशिबालाच चिकटला.

कारण माझा रुबाब गावभर झाला होता. पुढच्या वर्षी शेजारच्या घरात लग्न निघालं तेव्हा नवरदेवाची आई नारळ आणि गुळाचा खडा घेऊन मला मागायला आली. रूपचंदची बायको वत्सलाबाई तेव्हा नवी सून होती. तिने मला पेटीतून काढलं, झटकलं, सावलीत वाळवलं आणि दिलं. मग ती रीतच पडून गेली. लग्न ठरलं की आधी भटजी, मग घोडा आणि मग मी. नारळ घेतल्याशिवाय वत्सलाबाई मला देत नसे आणि नवरदेवाशिवाय मी कुणाच्या अंगावर चढत नसे. बारक्या नवरदेवाला मी ढगळ व्हायचो, जाड्याची बटणं लागायची नाहीत, पण मला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. प्रत्येक लग्नात माझ्या खांद्यांवर अक्षतांची ज्वारी पडायची. त्यांतले काही दाणे खिशांत, अस्तराच्या शिवणीत अडकून राहायचे. ते अजून आहेत. चाचपून पाहिलं तर बोटांना लागतात.

रूपचंदच्या मुलाने, हेमकांतनेसुद्धा मलाच घातलं. मांडवाच्या दाराला नुकतेच तोडलेले केळीचे खांब बांधले होते. गर्दीत हेमकांतची डावी बाही त्या खांबाला घासली आणि केळीचा चीक लागला. केळीचा चीक म्हणजे काय ते केळी लावणाऱ्याला विचारा! तो जन्मात निघत नाही. माझ्या बाहीवर तपकिरी डाग पडला तो पडलाच. रूपचंदबापूंनी तो पाहिला आणि हसून सोडून दिला.

पण मित्रांनो, मनातलं एक दुःख आज सांगतो. मला घालताना सगळे वाहवा करायचे आणि काढताना प्रत्येक जण तेच म्हणायचा. "सुटनू!" एकानेही कधी म्हटलं नाही की राहू दे थोडा वेळ. मला वाटे, माझ्यातच काहीतरी खोट आहे. दिसायला राजबिंडा आणि अंगाला लागला की छळ, असं वस्त्र कुणी कशासाठी विणलं असेल? मी पेटीत पडल्या पडल्या यावर फार विचार केला. उत्तर सापडलं नाही.

मग दिवस पालटले. नंदुरबारला भाड्याने शेरवानी मिळू लागल्या, सोनेरी, मरून, वर ओढणी आणि मोत्यांची माळ. मला मागायला नारळ येईना. कसरीने माझी कॉलर एका बाजूने कुरतडली. एकदा तर जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारात आली आणि वत्सलाबाईने मला तिच्यापुढे धरलं. तिने मला उलटंपालटं केलं आणि परत केलं. म्हणाली, "मावशी, लोकर कोन घालस आपला मुलूखमा? नको मन्हा डोकाले वजन." मला स्टीलच्या पातेल्याइतकीही किंमत राहिली नव्हती. बापूंनी मला तिच्या हातातून घेतलं, घडी केली आणि पुन्हा पेटीत ठेवलं. त्या दिवशी मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

आता खरी गोष्ट ऐका.

हेमकांतचा मुलगा धीरज सुरतेला नोकरी करतो. त्याचं लग्न नवापूरच्या रोशनीशी ठरलं. रोशनीच्या वडिलांचा, दिलवरसिंगांचा, कोंबड्यांचा मोठा फार्म आहे. दोन्ही पोरांनी मिळून एक नवंच खूळ काढलं. लग्न कोरीटला नाही, नवापूरला नाही, तर वर तोरणमाळला, सातपुड्याच्या माथ्यावर, तलावाच्या काठी, उघड्या आभाळाखाली! धीरज त्याला डेस्टिनेशन वेडिंग म्हणायचा. गाव म्हणायचं, "डोंगरवरनं लगीन". तारीख निघाली जानेवारीअखेरची, मुहूर्त गोरजाचा.

पाहुण्यांच्या फोनवर निरोप गेला की सगळ्यांनी फिकट रंगाचे, हलके, झुळझुळीत कपडे घालावेत. मोतिया, पिस्ता, फिकट गुलाबी. गडद काही नको. मागे डोंगर आणि पाणी, पुढे फिकट रंग, म्हणजे फोटो सुरेख येतील.

रूपचंदबापूंची लेक रमिलाबाई तो निरोप ऐकून उसळली, सगळ्यांनी पांढरंच घालायचं का म्हणून. "बठा लोके धवळा धवळा? हाई लगीन शे का दहावं?" पण भाच्याचा हट्ट म्हणून तिनेही पिस्ता रंगाची जाळीदार साडी घेतली आणि वर उंच टाचेच्या चपला घेतल्या.

हेमकांतला चिंता एकाच गोष्टीची. तो मांडववाल्याला फोनवर सांगत होता, "पंखे मोठे लावजा भाऊ. लगीन शे, घाम येसच. अन् बर्फना गोळावाला बी सांगी ठेव." मी पेटीतून ऐकत होतो आणि मलाही ते बरोबरच वाटत होतं. आमच्या तापीकाठच्या माणसांनी लग्न पाहिलं ते चैत्र-वैशाखातलं. लग्न म्हणजे घाम, हे त्यांच्या हाडांत भिनलेलं. डोंगरावर जानेवारीत संध्याकाळी काय होतं, हा प्रश्न घरात कुणालाही पडला नाही. मला तरी कुठे पडला होता?

लग्नाच्या काही दिवस आधी बापूंनी मला बाहेर काढलं. ते आता पार थकले होते. हिवाळाभर खोकत होते. त्यांनी मला ऊन दाखवलं, ब्रशने झाडलं, बटणं चिंचेने घासून लखलखीत केली आणि धीरजपुढे धरलं. 

"धीरज, मी हाऊ घाला. तुन्हा बापने घाला. आते तू घाल. मन्ही एवढीच इच्छा शे भाऊ."

धीरज वाईट पोरगा नाही. त्याने मला हातात घेतलं, डाग पाहिला, कुरतडलेली कॉलर पाहिली. मग हळूच म्हणाला, "बापू, सगळे फिकट रंगात असणार. नवरदेवच काळा कसा चालेल? आणि हा केवढा जाड आहे! घामाने मरेन मी."

घाम! पुन्हा तेच. बापूंनी मला परत घेतलं. तोंडाने एवढंच म्हणाले, "बरं." पण त्यांनी मला छातीशी धरलं होतं आणि आतली धडधड मला कळत होती. घरातलं हे आपल्या हयातीतलं शेवटचं लग्न, असं ते वत्सलाबाईला दोन-चारदा म्हणाले होते. ज्या अंगरख्यात अख्ख्या गावाची लग्नं लागली, त्यात नातवाचं लागणार नव्हतं.

निघायच्या दिवशी बापूंनी मला स्वतःच्या खांद्यावर टाकलं. हेमकांत म्हणाला, "बापू, फोटोमा तुम्ही एकलाच काळा दिसशात."

"मंग माले फोटोमा लेऊ नका," बापू म्हणाले आणि जाऊन जीपमध्ये बसले.

जीप डोंगरातल्या धडगावच्या गोवालची होती. घाटाचा रस्ता त्याच्या सवयीचा. भर दुपारी, सगळे सदऱ्याची बाही वर करत होते तेव्हा हा पठ्ठ्या स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून बसलेला. रमिलाबाईने हसून हसून त्याला विचारलं, "ताप ऊना का रे तुले?" गोवालही हसला. म्हणाला, "नाही मावशी, घरी चाललोय ना." आणि त्याने गाडी सुरू केली.

प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल गेला. शहादा गेलं. तिथे माझा जन्म झाला होता, पण शिंप्याचं दुकान काही दिसलं नाही. मग केळीची शेतं संपली आणि समोर सातपुडा उभा राहिला. मित्रांनो, कोरीटहून तो कधीमधी निळ्या रेघेसारखा दिसायचा. मला वाटायचं, तेवढाच असेल. जवळ गेल्यावर पाहतो तर काय! मान वर करावी तेवढा डोंगर! त्याच्यामागे आणखी एक, त्याच्यामागे आणखी एक. रस्ता वळणं घेत वर चढत होता, खाली दऱ्या उघडत होत्या, आणि ज्या जगाला मी मोठं समजत होतो ते खाली कुठेतरी धुरकट होऊन पडलं होतं. बापू खिडकीतून बघत राहिले. "वत्सला, देखी ऱ्हायनी ना?" एवढंच म्हणाले. तिने त्यांचा हात धरला.  एवढं मोठं काही पाहिलं की आपण किती बारके आहोत ते कळतं आणि ते कळूनही बरं वाटतं, हे मला त्या घाटात समजलं.

वर पोचलो. तलाव पाहिला आणि मी अवाक झालो. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये शांत पाणी. पाण्यात आभाळ उतरलेलं. काठावर पिवळ्या गवतात पांढरा मांडव, फुलांच्या कमानी. पाहुणे यायला लागले. मोतिया, पिस्ता, फिकट गुलाबी. खोटं कशाला बोलू, फार सुंदर दिसत होतं ते. उन्हात ती सगळी माणसं मोगऱ्याच्या ताटव्यासारखी वाटत होती. मला माझ्या काळ्या रंगाची लाज वाटली. बापू मला घालून मुकाट्याने शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

पहिली फजिती चपलांची झाली. रमिलाबाईची टाच मऊ मातीत रुतली ती निघेना. शेवटी चपला तिथेच सोडून ती अनवाणी फिरायला लागली. तिच्या मागोमाग निम्म्या बायका अनवाणी झाल्या.

मग सूर्य डोंगराआड गेला.

काय झालं ते मला आधी कळलंच नाही. तलावावरून काहीतरी आलं. दिसत नव्हतं, आवाज नव्हता, पण आलं आणि माझ्या लोकरीच्या प्रत्येक धाग्याला येऊन भिडलं. माझी लव उभी राहिली. आयुष्यात उन्हाशिवाय काही न पाहिलेला मी, मला नावही ठाऊक नव्हतं त्याचं. वत्सलाबाई कुडकुडत म्हणाली, "काय थंडी वाजी ऱ्हायनी माय!" आणि मला कळलं की ही थंडी.

नेमका तेव्हाच मांडववाल्याच्या माणसाने सांगितल्याप्रमाणे पंखे सुरू केले.

अहो, केवढा आरडाओरडा! "बंद कर! बंद कर रे!" जाळीच्या साड्या, बिनबाह्यांची पोलकी, पातळ कुर्ते, सगळे एकमेकांना बिलगले. बर्फाचा गोळेवाला आपला ठेला सोडून आचाऱ्याच्या चुलीपाशी हात शेकत बसला होता. कुणीतरी खुर्चीवरचं पांढरं कापड ओढून अंगावर घेतलं, आणि बघता बघता सगळ्या खुर्च्या उघड्या पडल्या. रमिलाबाई दोन खुर्च्यांची कापडं गुंडाळून बसली होती. तिच्या पायांना माती लागली होती आणि दात वाजत होते.

आणि मी? मित्रांनो, मी तापलो होतो! म्हणजे माझ्या आत बापू उबदार होते. त्यांनी हात माझ्या खिशांत घातले, कॉलर कानांपर्यंत ओढली. मी सवयीने वाट पाहत होतो त्या शब्दाची. तो आलाच नाही. बापूंनी वत्सलाबाईला माझ्या एका पदराखाली ओढून घेतलं आणि तिच्या कानाशी म्हणाले, "आते समजनं वं, हाऊ कोट कसाले शे."

मलाही तेव्हाच समजलं. माझ्यात खोट नव्हती. मी ज्याच्यासाठी विणला गेलो होतो, ते एवढी वर्षं मला भेटलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की माझी सैल बटणंसुद्धा ताठ झाली असतील.

पण तिकडे मांडवात वेगळंच चाललं होतं. रोशनीला आणून उभं केलं. पोर गुलाबी घागऱ्यात परीसारखी दिसत होती, पण पोलक्याला बाह्या नव्हत्या आणि ओढणी कोळिष्टकासारखी पातळ. समोर धीरज, मध्ये अंतरपाट. भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं. रोशनीचे हात लटलट कापत होते. ओठ निळे पडले होते. दुसरं कडवं म्हणायच्या आतच हातातला हार निसटला आणि खाली पडला.

भटजी म्हणायचे थांबले. मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, "हार पडना." दुसरी म्हणाली, "बरं नही हाई." रोशनीने ते ऐकलं. हार उचलायला ती वाकली, पण बोटांनी तो उचलेना. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. गोरज म्हणजे काही रात्रभर थांबणारी गोष्ट नाही. उजेड सरत होता, भटजी आभाळाकडे बघत होते.

दिलवरसिंग धावत आले. लेकीचे हात हातांत घेऊन चोळायला लागले. "शेडमा कोंबडीना पिल्लासले पडदा लाईसन ऊनू, बल्ब लाईसन ऊनू," ते म्हणाले, "अन् मन्ही पोरले असं उघडं उभं करं मी!" खुर्चीची कापडं आणायला कुणी धावलं, पण ती सगळी पाहुण्यांच्या अंगावर, आणि तीही पातळच.

तेव्हा बापू उठले.

ते रांगांमधून चालत मांडवाकडे निघाले. चालता चालता माझी बटणं सोडत होते. सगळे बाजूला झाले. धीरजही थंडीने काकडला होता. त्याने आजोबांना येताना पाहिलं, मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "बापू, चुकलं माझं," तो म्हणाला आणि त्याने पाठ वळवून दोन्ही हात मागे केले. बाह्यांत हात घालायला नवरदेव हात मागे करतो ना, तसे. गावातला प्रत्येक नवरदेव माझ्यासमोर असाच उभा राहिला होता. बापूंनी याच क्षणाची आस धरली होती. मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याची इच्छा देवाने पुरी केली.

बापू क्षणभर थांबले. मी त्यांच्या हातांत होतो. मग ते धीरजला ओलांडून पुढे गेले, अंतरपाटाच्या पलीकडे, आणि त्यांनी मला रोशनीच्या खांद्यांवर घातलं.

"घाल माय, घाल. आते तू आम्हना घरनी शे."

नवरदेवाशिवाय कुणाच्या अंगावर न चढलेला मी! मी थक्क झालो. अख्खं कोरीट थक्क झालं. बापूंनी तिचे हात धरून एकेक बाहीत घातले, लहान लेकराला घालतात तसे, आणि बटणं खालून वर लावत गेले. तिच्या हातांचा बर्फ माझ्या अस्तराला लागला. मी माझ्यात होती नव्हती तेवढी सगळी ऊब तिला दिली. वैशाखातल्या सगळ्या लग्नांची साठवलेली ऊब होती ती, असं मला वाटलं. हळूहळू तिचं कापणं थांबलं. धीरजने वाकून हार उचलला, झटकला आणि आपल्या हाताने तिच्या हातात दिला. भटजींनी मंगलाष्टक पहिल्यापासून सुरू केलं.

इकडे बापू पातळ सदऱ्यावर उभे. वत्सलाबाईचा जीव खालीवर झाला. "डोकं फिरनं का तुम्हनं? खोकला शे, अन् कोट काढी दिधा!" तेवढ्यात मागून गोवाल आला. त्याने स्वतःचा मफलर बापूंच्या कानांना गुंडाळला, जीपमधलं कांबळं खांद्यांवर टाकलं आणि रमिलाबाईकडे डोळे मिचकावून विचारलं, "बापू, ताप ऊना का हो तुम्हले?" त्या गारठ्यात सगळा मांडव हसला. रमिलाबाई सगळ्यांत जास्त हसली.

लग्न लागलं. वत्सलाबाईने पदरात बांधून आणलेली ज्वारी उधळली. पुन्हा माझ्या खांद्यांवर अक्षता पडल्या. तलाव काळा झाला होता, त्यात पहिली चांदणी उतरली होती, आणि तो सगळा डोंगर माझ्याकडे बघतोय असं मला वाटत होतं. एवढं भाग्य कुठल्या कोटाला मिळालं असेल?

फोटोवाला पुढे आला. "ताई, कोट काढता का? रंग जुळत नाही."

रोशनीने बापूंना हात धरून आपल्या शेजारी उभं केलं. "आता काढा फोटो," ती म्हणाली.

मग तिची आई आली, म्हणाली, "चल, मांडवामागे शेकोटी पेटवली आहे. काढ तो कोट, भरजरी कपड्यावर बरा दिसत नाही."  तो शब्द आता येणार, असं मला वाटलं. एवढ्या नवरदेवांनी म्हटला, ही का नाही म्हणणार?

रोशनीने माझी कुरतडलेली कॉलर दोन्ही हातांनी गळ्याशी घट्ट धरली. "राहू दे ना गं मम्मी, थोडा वेळ," ती म्हणाली.

मित्रांनो, मी आता सुरतेला त्यांच्या घरी असतो. कॉलर रोशनीने रफू करून घेतली, कडुलिंबाचा पाला ती न विसरता बदलते. चिकाचा डाग तसाच आहे आणि तिने तो काढायचा प्रयत्नही केला नाही. सुरतेत थंडी कसली पडते? मी पुन्हा उकाड्यातच आहे, पण आता माझी तक्रार नाही. भिंतीवर तो फोटो आहे. सगळी फिकट, झुळझुळीत माणसं दातांवर दात आपटतायत आणि मधोमध मी, काळाकुट्ट. माझ्या एका बाजूला धीरज आणि दुसऱ्या बाजूला मफलर बांधलेले बापू.

तुम्ही मोठे व्हाल, उघड्या माळावर, डोंगरावर, समुद्रावर लग्नं कराल. खुशाल करा. पाहुण्यांना काय घालायचं ते सांगाल, तेव्हा रंग सांगा, पण तिथली माती कशी आहे आणि सूर्य बुडाल्यावर हवा कशी होते, तेही सांगा. आणि तुमच्या घरातल्या एखाद्या पेटीत माझ्यासारखं कुणी पडलं असेल, निरुपयोगी, जड, कसर लागलेलं, तर त्याला दारावरच्या भांडेवालीला देण्याआधी एकदा डोंगरावर घेऊन जा. संध्याकाळ होऊ द्या. मग घालून बघा.